सावळ्याचा मध आणि पाचवं प्रकरण

आटगाव, ३ फेब्रुवारी १९४२

मासिकाच्या संपादकांचं पत्र. माझ्या रहस्यकथेचं दुसरं प्रकरण आवडलं म्हणतात, पण मागण्या संपत नाहीत. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी दारावर थाप हवी. खुनी असा हवा की ज्याचा संशय कुणालाच येणार नाही. आणि संशय घ्यायला दुसरा एक माणूस हवा, ‘शक्यतो रानटी, अंगावर काही खूण असलेला.’

दिवसभर स्टेशनात तिकिटं द्यायची, लष्करी गाडीसाठी अडकलेल्या पॅसेंजरची बोलणी खायची आणि घरी येऊन थापा मारायच्या. कंटाळा आलाय.

खूण काही सुचेना. तेवढ्यात सावळ्या कातकरी मोळी टाकायला आला. डाव्या हाताला दोन बोटं नाहीत, कड्यावरचं पोळं काढताना गेली. घेतली तीच.

९ फेब्रुवारी

तिसरं प्रकरण टपालात. तलावाकाठच्या बंगल्यात मुंबईचा पाहुणा विषाने मेला, आणि त्याच सकाळी मध विकायला आलेला तीन बोटांचा भिवा पळताना दिसला. विष खरं तर वैद्याच्या पुडीत. भिंतीच्या ओल्या चुन्यात खुन्याचा डावा पंजा उमटलाय, पाचही बोटांचा, म्हणजे भिवाचा नव्हे. हे एका ओळीत असं दडवलंय की पाचव्या प्रकरणापर्यंत कुणाच्या बापाला कळणार नाही. स्वतःवरच खूश.

सौ.ला वाचून दाखवलं. म्हणाली, भिवा कशाला म्हणता, सावळ्याच म्हणा की.

१४ मार्च

अंक आला. नेहमीप्रमाणे अण्णा वैद्यांच्या ओट्यावर वाचन. अण्णा वाचतात फार छान, विषाच्या जागी आवाज खाली आणतात. वीसेक माणसं. पंजा एकालाही कळला नाही. भिवा मात्र सगळ्यांना कळला. वाण्याने तर मोठ्याने सावळ्याचं नाव घेतलं. हशा. मीही हसलो.

२८ मार्च

पाचवं, शेवटचं प्रकरण रवाना. वैद्य पकडला, भिवा सुटला. नक्कल ठेवली नाही. कोरा कागद मिळतोय कुठे?

१२ एप्रिल

चौथं प्रकरण छापून आलं. पोलीस भिवाला सिद्धगडच्या रानातून बेड्या घालून आणतात. खाली ‘क्रमशः’.

आज सावळ्या मधाचे दोन डबे घेऊन गावभर हिंडला. कुणी घेतला नाही. सोनारीण म्हणाली, आधी तू चाट. त्याने चाटला. तरी घेतला नाही. ओट्यावर सांगताना लोक हसत होते. मला आज हसू आलं नाही.

२१ एप्रिल

सावळ्या मुरबाडच्या बाजारला चालत गेला होता, डबे तसेच घेऊन परत. अंक तिथेही पोचलाय. “बोटं बघतात नि पुढं जातात,” म्हणाला. रागावलेला नव्हता, त्याचाच जास्त त्रास झाला. आगोटीच्या आधी, पाऊस लागायच्या आत, मध विकूनच तो चार महिन्यांचे तांदूळ भरतो. घरात बायको, तीन पोरं.

सौ.ने एक डबा ठेवून घेतला. एका डब्याने काय होणार.

२ मे

मासिकाचं कार्ड. कागदाच्या टंचाईमुळे प्रकाशन ‘तूर्त स्थगित’. पाचव्या प्रकरणाचं काय, एक अक्षर नाही. मी हस्तलिखित परत मागितलंय.

५ मे

वाण्याच्या दुकानात चारचौघांना सांगितलं, भिवा निर्दोष आहे, मी लिहिलंय. वाणी म्हणाला, छापून येऊ दे मास्तर, मग बघू. पंज्याची ओळ काढून दाखवली. म्हणे, छापणाऱ्याची चूक असेल.

घरी सौ. म्हणाली, तुमच्या तोंडचं कोण मानतो? छापलेलं मानतात. हे मला बायकोने शिकवावं.

७ मे

पुन्हा लिहून काढून ओट्यावर वाचावं म्हणतो. पण खुनी वैद्य. गावात वैद्य एकच. ओटाही त्यांचाच. सौ.च्या दम्याला सकाळ-संध्याकाळ अण्णांची पुडी लागते, तीही सावळ्याच्या मधात. लिहिताना अण्णा मनातसुद्धा नव्हते, शपथेवर सांगतो. ज्याचा संशय येणार नाही असा माणूस हवा होता, एवढंच.

सौ.ला विचारलं. बराच वेळ खोकत होती. मग म्हणाली, “वाचा. त्याला पोरं आहेत.”

११ मे

वाचलं. म्हणजे अण्णांनीच वाचलं, सवयीने कागद माझ्या हातून घेतले. जुन्या फॉर्मांच्या पाठीवर लिहिलं होतं. ‘पुडी बांधणारा तो डावा हात’ इथे आले आणि थांबले. अण्णा डावखुरे आहेत. इतकी वर्षं त्यांच्यासमोर बसतो, आणि मला आज आठवलं. पुढचं शेवटपर्यंत वाचलं, पण आवाज खाली आणला नाही. चष्मा काढून म्हणाले, “बरं लिहिलंय.”

लोक उठले. पायरीवर वाणी कुणाला तरी सांगत होता, मास्तरांनी सावळ्यासाठी शेवट फिरवला बघ. मेलो मी लाजेने. करायला गेलो गणपती, झालं माकड.

१३ मे

पुडी आली नाही. माणूस पाठवला, तर औषध संपलंय म्हणून निरोप. सौ. उशीला टेकून बसलेली.

१६ मे

शहापूरच्या दवाखान्यातून बाटली आणली. थोडा उतार. अण्णा स्टेशनवर दिसले, तिकीट घेतलं, सुटे मोजून दिले, वर पाहिलं नाही.

मध अजून पडून आहे. मृग तीन आठवड्यांवर आला.

१७ मे

दुपारी सावळ्या आला. आमच्या ओट्याखालीच उभा. आज मोळी नव्हती.

“मास्तर, तो पाव्हणा मेला तवा मी कुठं होतो?”

मला आधी कळेचना. म्हणाला, लोक विचारतात, मला सांगता येत नाय, तुमाला ठाव असंल.

वैद्य कुठे होता, फौजदार कुठे, बंगल्याचा कुत्रा कुठल्या खोलीत बांधला होता, सगळं लिहिलंय मी. भिवा कुठे होता ते पाचही प्रकरणांत नाही. तो खुनी नाही, एवढं पुरे वाटलं मला.

त्याला समजावलं की पाहुणा नव्हताच, कुणी मेलं नाही, सगळं मी रचलेलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

“व्हय. पन मी कुठं होतो?”

म्हटलं, वर ये, बस, तूच सांग, मी लिहितो. तो ओट्यावर बसून आठवतोय. मी दौत उघडून ठेवली आहे.