शिवेवर व्हय कोण म्हणणार

बाबा, काल मी तुमची वाट सायकलवरून एकटीने केली. केरीपासून मोरजीपर्यंत, समुद्राच्या कडेकडेने, तुम्ही जायचा तशी. तुमची सायकल नव्हे, ती केव्हाच गंजून गेली. ही नणंदेची, पुढे टोपली असलेली. तुम्ही बघितली असती तर हसला असता.

आपण शिरगावात राहायचो तेव्हा पावसात खाण बंद झाली, की जरा उघडीप बघून तुम्ही एक दिवस पहाटेच निघायचा. शेजारचा काका म्हणायचा, "काम नाय, धंदो नाय, हो खुळो चललो समुद्र मोजूक!" दिवेलागणीला परत यायचा तेव्हा मडगार्डात रेती, आणि हँडलला पोदेराकडची, त्या पाववाल्याकडची काकणं. ती कडक पावाची बांगडी मी हातात घालून मिरवायची आणि मिरवता मिरवता कुरतडून संपवायची. मलाही न्या म्हटलं, की तुम्ही म्हणायचा, "मोठी हो बाय. मगे तुजी तूच जाशीत."

मला न्यायचा ते डिचोलीच्या बाजारापर्यंत, कॅरिअरवर बसवून. वाटेत गावाची शीव आली, की सायकल थांबवायची, चपला काढायच्या, हात जोडायचे आणि राखणदाराला गाऱ्हाणं घालायचं. "बा म्हाराजा, ह्या शिवेवरच्या राखणदारा, घराक ठेवलेल्या माणसांचा रक्षण कर. वाटेत काय इडापिडा आसात ती दूर कर रे म्हाराजा!" मी मागून जोरात म्हणायचं, "व्हय म्हाराजा!" एकदा माझ्या तोंडात काकण होतं म्हणून मी गप्प राहिले, तर तुम्ही पायडलच मारेनात. "अगो, कोणी व्हय म्हटल्याबगर गाऱ्हाणा पोचात कसा?" मी घास गिळून व्हय म्हटलं, मग विचारलं, समुद्राकडे एकटे जाता तेव्हा कोण म्हणतं? तुम्ही म्हणाला, "थंय मीच म्हणतंय, आवाज बदलून. देवाक काय कळता?" आणि किती हसला होता.

आता माझं सांगते. मला मुलगा झालाय. बसायला लागलाय, दात येतायत. तो झाल्यापासून मला भीतीच बसलीय. न्हाणीत गेले तरी दार लावत नाही. तो झोपला की नाकाखाली बोट धरून बघते. घोव ट्रकावर असतो, आठवड्याने येतो, तो म्हणतो सगळ्याच बायकांना होतं असं. इथून, हरमलहून, मोरजीला एका हॉटेलात खोल्या साफ करायचं काम मिळतंय, दिवसभराचं, सोमवारपासून. काल संध्याकाळपर्यंत हो की नाही ते सांगायचं होतं. सासू म्हणाली, "आधी एक दिस अशीच जा खंय तरी. पोराबगर जगतंस काय बघ." तेव्हा मला तुमची वाट आठवली. तरी दारात उभी राहून मी चपला घालत होते आणि काढत होते. शेवटी ती म्हणाली, "जा गो, मी आसंय."

मी पुन्हा चपला काढल्या. त्या सकाळी खाटेवर छाती चोळत बसलेले तुम्ही हेच म्हणाला होता. "शाळेत जा, मी आसंय." मी गेले, आणि परत आले तर आपल्या दारात माणसांची ही गर्दी. तेव्हापासून माझ्या डोक्यात बसलंय, मी पाठ केली की मागे राहिलेलं माणूस जातं.

पण निघाले. केरीला पोचले, सुरूच्या झाडाखाली बसून भाकरी खाल्ली, फेरीबोट पलीकडे जाताना बघितली. खरी परीक्षा परत येताना. हरमलच्या तिठ्यावर एक वाट आमच्या घराकडे, एक मांद्र्याच्या बाजूने मोरजीकडे. घर इतकं जवळ, की आमच्या गल्लीतला कुत्रा मला ओळखून शेपटी हलवायला लागला. सासूला फोन लावला. "आई, काय करता तो?" "श्वास घेता हा. ठेव फोन."

मी मोरजीची वाट धरली. मांद्र्याच्या शिवेवर सायकल थांबवली, चपला काढल्या. वडाच्या मुळाशी एक म्हातारी मासळीची रिकामी पाटी घेऊन बसची वाट बघत बसलेली. तिच्यासमोर लाज वाटत होती, तरी डोळे मिटून मी गाऱ्हाणं घातलं. मग आवाज बदलून व्हय म्हणायला खाकरले. तेवढ्यात म्हातारी खणखणीत ओरडली, "व्हय म्हाराजा!" आणि मला म्हणते, "एकट्यान गाऱ्हाणा घालतंस? मी हंय काय मेलंय?" आम्ही दोघी हसलो. तिची बस आली, मी पायडल मारलं. मोरजीला रेतीत पाय ठेवला, पोदेराकडून काकणं घेतली, तुमच्यासारखी हँडलला अडकवली आणि फिरले.

घरी आले तर पोरगा सासूच्या मांडीवर चमचा चोखत बसलेला. माझ्याकडे बघितलं आणि परत चमच्याला लागला. थोडा रागच आला मला. सासूने काकण दुधात भिजवून त्याला भरवलं. मी हॉटेलवाल्या बाईला फोन करून सांगितलं, सोमवारी येते.

हा कागद मी कुठे पाठवणार? पिठाच्या डब्याखाली ठेवीन. पण एक गोष्ट सासूला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगते. शिवेवर मी पोराचं नाव घ्यायला तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं, "माझ्या बाबाक सांभाळ रे म्हाराजा." मेलेल्या माणसाची राखण मागितली मी. लक्षात आलं तोवर म्हातारीने व्हय म्हणून टाकलं होतं. तिच्यासमोर परत घालायची लाज वाटली. पोराचं गाऱ्हाणं राहूनच गेलं, बाबा. आणि तरी तो चमचा चोखत बसला होता.