माणिकप्पांची येझदी

रविवार, २ मार्च २०२५. लातूर

श्री गुरुबसवलिंगाय नमः.

आज आलेलं सामान: लोखंडी कपाट एक, दिवाण एक, देवघर (दोन घोंगड्यांत गुंडाळून आणलं, कुठं तडा नाही), पिठाचे डबे चार, भांड्यांची पोती तीन आणि मोटारसायकल एक. टेम्पोभाडं नांदेड ते लातूर सहा हजार पाचशे, हमाली चारशे. मोटारसायकलीचे अडतीस हजार.

एवढ्यात चार शेळ्या आल्या असत्या, असं मी बोलले. हे म्हणाले, मग शेळीवर बसून आडतीवर जाऊ काय? हमालसुद्धा हसले.

नांदेडच्या कापड दुकानातली नोकरी संपली आणि इथं डाळीच्या आडत्याकडं यांना मुनीम म्हणून काम मिळालं, म्हणून या वयात गाव बदललं. लेक दामिनी नांदेडलाच, सासरी. घर चांगलं आहे. नळाला आठ दिवसांनी पाणी, पण हौद मोठा. मागच्या पडवीत गाडी उभी केली. जुनी येझदी आहे, काळी. लग्नाआधीपासून यांना तीच हवी होती, आता कुठं मिळाली. हिमायतनगरला आनंदराज म्हणून किराणा दुकानदार आहेत, त्यांच्या वडिलांची. त्यांनी साठ सांगितले आणि मी तोंड उघडायच्या आत आपणहून अडतीसवर आले. नेणार तर आजच न्या, म्हणाले. मला घासाघीस करायलाच मिळाली नाही, तेवढीच रुखरुख.

बुधवार, ५ मार्च

गाडीशी ओळख होऊन राहिली. किक आणि गिअर एकाच दांडीचं. मारायची, मग पुढं दाबली की तीच गिअर होते. हे मला कौतुकानं दाखवतात, जसं काही मीच चालवणार आहे. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळावं लागतं. हे अंदाजानं ओतत होते, मी औषधाच्या बाटलीचं टोपण दिलं. मापानं घातलं की धूरही कमी येतो. आवाज मात्र लई गोड, लांबून कुणी जात्यावर दळून राहिल्यासारखा.

शेजारच्या ज्योत्स्नाताईंनी भिंतीवरून विचारलं, काकू, काकांनी सवत आणली काय, सकाळी उठून तिलाच आंघोळ घालून राहिलेत! मी म्हणाले, हाव, पण ही जेवायला मागत नाही.

गाडीच्या पुस्तकात एकच नाव आहे. माणिकप्पा, मु. देवणी, जि. उस्मानाबाद. तेव्हा लातूर जिल्हा झालाच नव्हता. देवणी बैलांचा व्यापार करायचे म्हणे. दोन वर्षांखाली वारले. आपल्यातलेच, लिंगायत. मला बरं वाटलं.

सोमवार, १० मार्च

आज गाडी पुसताना बाजूची हत्यारांची पेटी उघडली. रुपयाच्या नाण्यानं फिरवली की उघडते. आत पान्हे, ग्रीस लागलेलं फडकं, आणि फडक्यात चांदीची डबी. डबीत इष्टलिंग. दोरा तुटलेला.

आपल्यात लिंग एकदा गळ्यात पडलं की जन्मभर त्याच माणसाचं. माणूस गेला की त्याला मांडी घालून मातीत बसवतात, ते लिंग त्याच्या डाव्या तळहातावर ठेवतात, मीठ-विभूती घालतात आणि मगच माती लोटतात. लिंग इथं आहे, तर माणिकप्पांच्या तळहातावर काय ठेवलं?

आनंदराजांना फोन लावला. तो नंबरच बंद आहे म्हणून बाई सांगते. हे म्हणाले, जुना सुटा भाग समज आणि ठेव. अशी चेष्टा मला आवडत नाही.

दोन वर्षं बिनपूजेचं राहिलेलं लिंग, आपल्या घरात आल्यावर तरी तसं कसं ठेवायचं? डाव्या तळहातावर घेतलं, पाणी घातलं, विभूती लावली, बेल वाहिला. एवढ्या उन्हाचं, पण बर्फासारखं गार. तीर्थ वाया कशाला घालवायचं, म्हणून यांना दिलं. यांनी पुन्हा हात पुढं केला. पुन्हा दिलं.

शनिवार, १५ मार्च

आडतीला दुपारची सुट्टी असते, हे जेवायला घरी येतात. आज जेवण झाल्यावर पडवीत गेले ते येईनात. बघायला गेले. गाडी स्टँडवर उभी होती आणि हे सीटवर मांडी घालून बसले होते. पाठ ताठ, डोळे मिटलेले. डावा हात छातीपुढं, तळवा वर. रिकामा.

हाक मारली तसे उतरले. म्हणाले, ऊन लागलं असेल, जरा डोळा लागला. गाडीवर मांडी घालून कुणाचा डोळा लागतो?

सीटवर पांढरी भुकटी दिसली. घाम वाळला असं समजून पुसायला गेले, तर खडे लागले. जाडं मीठ. शर्टाच्या खिशातही तेच.

बाजारात जाताना एक बैलजोडी दिसली. हे थांबले, बैलाचा जबडा उघडून दात बघितले आणि मालकाला म्हणाले, सहादाती सांगून राहिलास, हा तर आठही दात येऊन जुळलेला हाय. जन्म गेला कापड मोजण्यात. बैलाचे दात यांना कधीपासून कळायला लागले?

बुधवार, १९ मार्च

दुपारी पाणी मागितलं. नीरु ता, शांतम्मा, असं. हे कानडीत झालं. माझं माहेर उदगीरकडचं, मला कळतं. यांना कानडीचा गंधही नाही. आणि माझं नाव शांतम्मा नाही.

डॉक्टरला दाखवलं. रक्तात मिठाचं प्रमाण वाढलंय, लोणचं-पापड बंद करा, म्हणाले. दामिनीला फोन केला. ती म्हणते, आई, उन्हाळा लागलाय, तू पूजा कमी कर आणि बाबांना ताक दे.

मठात जाऊन जंगम स्वामींना सगळं सांगितलं. ते माझ्यावर लई रागावले. दुसऱ्याचं लिंग तळहातावर घ्यायला तुला कुणी सांगितलं, आणि तीर्थ नवऱ्याला पाजलंस? मी रडले. मांजरा नदीत सोडू का, विचारलं. नाही म्हणाले. ज्याचं आहे त्याच्या तळहातावर जायला पाहिजे. त्याला कुठं बसवलं ते शोध, नाहीतर तो आपलं लिंग जिथं पोचलं तिथंच येऊन बसेल.

हिमायतनगरला रजिस्टर पत्र टाकलं. फोन नाही, पत्ता तरी आहे.

शुक्रवार, २१ मार्च

पहिल्या एसटीनं देवणीला जाऊन आले. शेषेराव म्हणून म्हातारे भेटले, त्यांना आठवण आहे. माणिकप्पांना त्यांच्याच शेतात बसवलं. लिंग सापडलं नाही म्हणून घाईनं नवं आणून हातात दिलं. पण शेत विकलं, तीनदा हात बदलले, बांध मोडले. खुणेचा दगडही काढला. नेमकी जागा लेकाशिवाय कुणाला माहीत नाही.

शांतम्मा त्यांची बायको. अजून आहेत, लेकाकडं असतात. माणिकप्पा कोणत्याच बाजाराला एकटे गेले नाहीत म्हणे, मागं शांतम्मा पाहिजेच. मरताना सांगून गेले, माझ्या शेजारची जागा मोकळी ठेवा.

घरी आले तर गाडीचं सायलेन्सर टिक टिक वाजून राहिलेलं. लांबून आल्यावर वाजतं तसं. चावी माझ्या पिशवीत होती.

रविवार, २३ मार्च

जेवत नाहीत. नुसतं मीठ चाटतात.

यांच्या गळ्यात लिंग नाही. सत्तावीस वर्षांत एक दिवस गळ्यातून काढलं नव्हतं. विचारलं तर म्हणाले, तिकडं दिलं, त्याच्या हातात. इतक्या शांतपणे, उसनी पिशवी परत केल्यासारखं.

देवघरात धावले. डबी उघडी. ते लिंगही नाही –

पडवीत बसलेत. तळहातावर तेच आहे. नखांत माती, काळी, ओली. लातुरात ओली माती कुठं आहे आत्ता –

ज्योत्स्नाताईंना हाक मारली. त्या आल्या, भिंतीवरून बघितलं, आत गेल्या, खिडकी लावून घेतली.

सोमवार, २४ मार्च. दुपारी साडेबारा

पत्राला उत्तर नाही. फोन यांच्या खिशात. पुढच्या दाराला बाहेरून कडी, कशी लागली माहीत नाही. याच पानावर लिहिते. खिडकीतून ज्योत्स्नाताईंच्या अंगणात टाकते. त्या टपालात टाकतील. टाकतीलच.

श्री. आनंदराज यांस, हिमायतनगर. नमस्कार वि. वि.

तुमच्या वडिलांचं लिंग माझ्याकडून – नाही, ते आता त्यांच्याच तळहातावर आहे. पण तो तळहात माझ्या नवऱ्याचा आहे. तुम्हाला माहीत होतं का? म्हणूनच का आजच न्या म्हणालात? रागावून लिहीत नाही. मला फक्त माझा माणूस परत पाहिजे. साधे आहेत हो. कापड कापताना चार बोटं जास्त देणारे –

किक मारली. बंद पडली. दुसरी.

मला बोलवून राहिलेत. शांतम्मा, बा, म्हणजे ये. मागची सीट पुसून राहिलेत, धोतराच्या सोग्यानं. यांनी जन्मात धोतर नेसलं नाही.

नाही गेले तर एकटेच जातील. एकटं कसं जाऊ देऊ –

तुम्हाला जागा माहीत आहे. पत्र मिळताच देवणीला जा. शेतात माती उकरलेली दिसते का बघा. वडिलांच्या शेजारी कोण बसलंय बघा. आमच्या पत्त्यावर नको, माझ्या लेकीला, दामिनीला, पत्ता याच पानाच्या मागं, तिला उलट टपाली कळवा, शेजारची जागा अजून मोकळी आहे की