अण्णाला थंडी सोसत नाही

प्रिय अण्णा,

उद्या तुला जाळणार आहेत. अंगणात दर्भाचा नि पळसाच्या पानांचा पुतळा बांधतील आणि स्मशानात नेऊन त्याला अग्नी देतील, कारण खरा तू विलायतेच्या मातीत आहेस. बायकांनी स्मशानात यायचं नाही, म्हणून आजच लिहायला बसले.

काय रे हा तुझा मोठेपणा! गिरणीच्या मालकांनी विणकाम शिकायला पाठवलं होतं. शिकून मुकाट्यानं परत यायचं की! कॉलेजातल्या गोऱ्या पोरांनी मतं देऊन तुला आपला अध्यक्ष केलं, ते कळलं तेव्हा आबांनी गिरणीत त्यांच्या अख्ख्या साचेखात्यात, मागावरच्या सगळ्यांना साखर वाटली. आई मला म्हणाली, "अध्यक्ष म्हंजे काय गं? पोटभर जेवाय तरी मिळतंय न्हवं त्याला?"

आणि अध्यक्षाला मिळालं काय? लढाईत मेलेल्या त्यांच्या पोरांच्या नावाच्या दगडावर फुलं वाहायचा मान. भर पावसात, उघड्या डोक्यानं! इथं सोलापुरात दोन चादरी घेऊन झोपणारा तू. टोपी घालतो म्हणायला जीभ झडली होती का तुझी? खोलीवर येताच हीव भरलं, आणि आठवड्याच्या आत तू गेलास.

तुझ्या मद्रासी मित्रानं कळवलं, आम्ही देशी पोरं अग्नी द्यायचं म्हणत होतो, पण कॉलेज ऐकेना. आमचा अध्यक्ष आहे, आम्ही त्याला मानानं पुरणार, म्हणाले. साधा विद्यार्थी असतास तर सुटला असतास रे! त्यांना तरी काय बोलू? फोटोत तुझ्या खड्ड्याभोवती ती पोरं रडतायत.

तो फोटो आईनं पाहिला. रडली नाही. एवढंच म्हणाली, "थंडी सोसत न्हाय त्याला. तितली माती लई गार असंल की गं."

तेव्हापासून तुझी निळी चादर मांडीवर घेऊन बसलीय. ट्रंकेत मावेना म्हणून तू ठेवून गेलास, तीच. पुतळ्याला हीच गुंडाळा म्हणते. भटजी म्हणतात, कोरं पांढरं कापडच लागतं. आबा खाली मान घालून भटजींना "व्हय" म्हणाले.

म्हणू देत. अण्णा, उद्या मी दारात आडवी पडेन, पण या चादरीशिवाय तुला अंगणाबाहेर नेऊ देणार नाही. हे पत्र तिच्याच घडीत ठेवतेय. ऊब लागली की वाच.

तुझी,
चंपा