आठाचे सोळा

प्रिय धाकट्या,

तुझा फोन आला तेव्हा मी देवापुढे बसले होते. जप अर्धा टाकून उठले, नि तुझं बोलणं ऐकून किळस आली. दुसरा शब्द नाही माझ्याकडे.

शेजारच्या शिंपीणबाईंच्या मुलीने परीक्षेसाठी वर्षभर खपून हलत्या चित्रांचा सिनेमा केला. मोठी दृश्यं उघडली की पडद्यावर रंगांचा नुसता चिखल, मग कॉम्प्युटरच बंद. तू विकलेलं ग्राफिक्स कार्ड तिने दुसऱ्या दुकानात दाखवलं. तिथला दुकानदार म्हणाला, मेमरी आठ जीबीच आहे, सोळा नुसती दिसते. कॉलेज मुदत वाढवून देईल, पण कार्डातच खोट होती असं तुझ्या दुकानाने लिहून द्यायला हवं. नाहीतर पोरीचं वर्ष गेलं.

आणि तू मला म्हणतोस, तुला त्यातलं काय कळतं? अरे, तूच शिकवलंस ना! मागच्या खेपेला स्वयंपाकघरातल्या टेबलावर असलंच एक कार्ड उघडून दाखवलंस. मधे मोठी चिप, भोवती मेमरीच्या आठ, प्रत्येकी एक जीबीची. मधलीपासून निघणाऱ्या वाटा तेवढ्याच, नववीला जागा नाही. मी म्हटलं, मग याच काढून मोठ्या बसव की. तू हसलास. या जातीची याहून मोठी चिप कुणी बनवतच नाही म्हणालास, आणि लांबून जादा जोडल्या तर निरोप वाटेतच बिघडतो, वर तापतं ते वेगळंच. मला केवढं कौतुक वाटलं होतं तुझं! म्हणजे वाढवता येत नाही हे तुला पक्कं ठाऊक होतं. तरी कार्डाच्या आतला मजकूर बदलून त्याला सोळा बोलायला लावलंस. पाव किलोच्या डब्यावर अर्धा किलो लिहिलं की साखर वाढते का रे?

माझ्या मुलाच्या हातचं आहे, डोळे झाकून घ्या, असं त्या मायलेकींना मीच सांगितलं होतं. आता म्हणे मी सांगायचं, तुमची खोली तापते म्हणून कार्ड जळलं! ज्या तोंडाने देवाचं नाव घेते त्याच तोंडाने? शी!

ती पोर मात्र अजून म्हणतेय, दादालाही कुणीतरी फसवलं असेल. म्हणून हे पत्र तिच्याच हाती पाठवलंय. पाकीट चिकटवलेलं नाही, पण ती वाचणार नाही, तसली नाहीच ती. आत्ता तुझ्या काउंटरपलीकडे उभी असेल. वाचून झालं असेल तर मान वर कर आणि तिला खरं काय ते सांग.

अजून तरी तुझीच,
आई