आंब्यावरचं यंत्र आणि भिंतीवरचा कोयता

तीर्थरूप दादास,

इब्रामपूरहून धाकटा भाऊ रघुनाथ याचा दोन्ही पाय जमिनीवर टेकवून नमस्कार. (पाय जमिनीवर आहेत हे मुद्दाम लिहिलं. डिचोलीपर्यंत काय बातमी पोचली असेल त्याचा नेम नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? तुझ्या भावजयीने, सत्यवतीने दिलेलं तेल लावतोस, की बाटली जनेलाच्या गजांपाशी ठेवून नुसता तिच्याकडे बघत बसतोस? देवकी वहिनीची साखर आटोक्यात असेल असं समजतो. चवथीला पातोळ्या खाताना वहिनीचा हात काही आवरत नव्हता, पण ते तिला सांगायची हिंमत तुला नाही, मग मला कुठली असायला. इथे आम्ही सगळे खुशाल. माझ्या डाव्या पोटरीला थोडी सूज आहे, ती हुमले चावल्याची. त्याचं पुढे येईलच.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. दादा, आंब्यांचा विषय निघाला की तू फोन वहिनीच्या हातात देतोस आणि ती मला पावसाचं विचारते. पत्र दुसऱ्याच्या हातात देण्याआधी निदान उघडावं तरी लागतं. शिवाय तो सोडा-लिंबूवाला गोकुळदास, त्याने माझा एक व्हिडिओ काढून वाड्यातल्या सगळ्या घरांना पाठवला आहे, आणि वाड्याला पाठवलेलं डिचोलीला पोचायला किती वेळ लागतो ते तुला ठाऊक आहे. त्या व्हिडिओत मी आंब्याला लटकून पाय झाडताना दिसतो. तेवढंच दिसतं. तू ते बघून मान हलवण्याआधी खरी हकीकत तुझ्यापाशी असावी, म्हणून हा कागद.

मुळापासून सांगतो. चवथीच्या दुसऱ्या दिवशी तू आपल्या सोप्यावर बसून धारगळच्या लाकूडवाल्याला शब्द दिलास, की दिवाळी झाली की आजोबांनी लावलेली मानकुराद आंब्याची झाडं तोडून न्या. का, तर आता चढणार कोण. तुझे गुडघे गेले, माझे त्याच वाटेवर आहेत, तुझा लेक बँकेतल्या थंड हवेत बसतो, आणि मला एकच मुलगी. बांडगूळ दर वर्षी आणखी फांद्या खातं, वरचे आंबे वटवाघळांच्या पोटात जातात, खालचे चिखलात. तू बोललास त्यातलं काहीच खोटं नव्हतं, म्हणून मी गप्प बसलो. (तुझ्यासमोर गप्प बसलो. तू गेल्यावर सत्यवतीला बरंच ऐकावं लागलं.) आणि हे बोलताना मला बाबांचा कोयता आठवत होता. घरात जो चढतो त्याच्या हातात दसऱ्याच्या पूजेनंतर कोयता द्यायचा, ही आपल्या घरची रीत. बाबांनी तो तुला दिला. तू चढायचं सोडलंस तेव्हा तो डिचोलीला नेलास आणि भिंतीला टांगलास. मी बाजारातला कोयता घेऊन इतकी वर्षं निभावलं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. (आहे, पण ते या पत्रात नको.)

तर झालं असं. आपली सेजल तुयेला औषधांच्या कारखान्यात पाकिटं तपासायच्या कामाला आहे, तिथे यंत्रं दुरुस्त करणारा मंगेश म्हणून एक कोल्हापूरकडचा माणूस आहे. (वहिनीच्या मनात आत्ता जे आलं ते तिथेच थांबव. त्याचं लग्न झालंय, बायको दीपा बेळगावची आहे आणि आमच्याकडे येऊन सोलकढी शिकून गेली.) या मंगेशने झाडावर काम करणाऱ्यांसाठी दोरावर चढायचं एक यंत्र बनवलं आहे. गलोलीने एक वजन वरच्या बेचक्यातून पलीकडे टाकायचं, त्यामागून बारीक दोरी, तिच्यामागून जाड दोर ओढून घ्यायचा. कमरेला पट्टा, पट्ट्याला मुठीएवढं यंत्र, आणि उजव्या बुटाला एक चाप. पाय खाली दाबला की माणूस वर जातो आणि कमरेचं यंत्र त्याला तिथेच धरून ठेवतं. झाडाला मिठी नको, गुडघ्याला ताण नको. उतरायचं तर यंत्राची छोटी दांडी दाबायची. कारखान्याच्या मागच्या झाडावर त्याने ते करून बघितलं होतं, पण खऱ्या उंच झाडावर, खऱ्या झाडवाल्याने, खरं काम करून बघितल्याशिवाय ते कुणाला विकायचं नाही, असा त्याचा हट्ट. सेजलने माझं नाव सांगितलं. पेडणे तालुक्यात विचारायला दुसरं कोण होतं म्हणा.

आता तुला माझा स्वभाव माहीत आहे. मी होय म्हटलं ते यंत्रासाठी नव्हे. मला दिसलं की हे चाललं तर लाकूडवाल्याला परत पाठवता येईल. म्हणून झाड मीच निवडलं, सगळ्यांत उंच, विहिरीकडचं, ज्यावर तुझ्यानंतर शेंड्यापर्यंत कोणी गेलं नाही. बांडगूळही तिथेच जास्त. रविवारी सकाळी सगळा वाडा जमला. गोकुळदासने लोकांना बसायला आपल्या गाड्यावरच्या कदेली आणून मांडल्या. मंगेशने एक दोर माझ्यासाठी लावला आणि शेजारच्या फांदीवरून दुसरा सोडून ठेवला. तो कशाला म्हणून विचारलं तर म्हणाला, काका, असू दे, कधी लागला तर. मला त्याचा थोडा राग आला. सत्यवतीने तर घरातली कापसाची गादी उचलून आणली आणि झाडाखाली अंथरली, सगळ्यांसमोर.

पट्टा चढवला, यंत्र लावलं, मंगेशने बुटाचा चाप घट्ट केला. मग मी झाडापाशी गेलो. आणि दादा, तू माझ्या जागी असतास तर तूही तेच केलं असतंस. आपण झाडापाशी गेलो की काय करतो? पायातलं काढतो, खोडाला हात लावून कपाळाला लावतो, मगच पाय ठेवतो. मीही तेच केलं. बूट काढून बाजूला नीट जोडीने ठेवले, नमस्कार केला आणि दोर धरला. मंगेश मागून ओरडत होता, काका, बूट तेवढं काढू नका की, पण लोकांच्या गलबल्यात मला वाटलं तो मला शाबासकी देतोय. मी हाताने दोर ओढून वर गेलो. कमरेचं यंत्र दर ओढीला धरून ठेवत होतं, म्हणून मला कळलंही नाही की अर्धं यंत्र खाली बुटांबरोबर राहिलं आहे. पन्नाशी उलटलेल्या माणसाने नुसत्या दंडांवर घराच्या आढ्याच्याही वर जावं ही लहान गोष्ट नाही. गोकुळदाससुद्धा तेव्हा गप्प होता. व्हिडिओत तो भाग नाही.

तिथे पहिल्या बेचक्याच्या जरा वर माझे दंड थांबले. मी काही थांबलो नव्हतो, ते थांबले. आणि जिथे थांबले तिथे हुमल्यांचं घरटं होतं. लाल मुंग्यांना दोर कसला, यंत्र कसलं, त्यांना माझी उघडी बोटं मिळाली. मी पाय झाडले. पाय झाडले की माणूस झोके घेतो. मी विहिरीकडे गेलो की सत्यवती गादी विहिरीकडे ओढायची, मी गोठ्याकडे आलो की गादी गोठ्याकडे. म्हटलं आता उतरावं. दांडी दाबली. उतरलो नाही. जोर लावून दाबली. तरी तिथेच. दोन्ही हातांनी, दात खाऊन दाबली. तेव्हा मंगेश खालून, सगळ्या वाड्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "काका, लई जोरात दाबू नका. जोरात दाबलं की त्याला वाटतंय माणूस घाबरलाय, मग ते आपोआप अडकतंय."

दादा, मला आजवर कोणी घाबरट म्हटलं नव्हतं, आणि एका लोखंडाच्या तुकड्याने ते वाड्यासमोर म्हणावं. (मंगेश नंतर म्हणाला की ॲल्युमिनियम आहे.) मी त्याला वरून सांगितलं की मी निरीक्षण करतोय. आणि खरंच केलं. कुठल्या झाडावर किती बांडगूळ आहे ते सगळं तिथून दिसलं. आपल्या घराची कौलं कुठे सरकली ती दिसली. गोकुळदासने विचारलं, वर लिंबूसोडा पाठवू का. त्याला काय उत्तर दिलं ते मोठ्या भावाला लिहिण्यासारखं नाही. पण हात काही सैल होईनात. हे तुझंच शिकवणं. पहिल्यांदा मला झाडावर घातलंस तेव्हा एकच सांगितलं होतंस, खांदी असो की दोरी, घट धर. तेवढं मी जन्मभर पाळलं आणि यंत्राला नेमकं तेच नको होतं.

मग दुसऱ्या दोरावरून सेजल वर आली. मला ती येताना दिसलीच नाही, मी हुमल्यांत होतो. खालून सत्यवती तिच्या नावाने ओरडत होती ते ऐकू आलं. पोरीने बूट घातले होते, बुटाला चाप, कमरेला धाकट्या मापाचा पट्टा. आणि असा एकेक पाय टाकत आली की जसा घराचा जिना चढावा. तिला धापही लागली नव्हती. (दोन महिने कारखान्यात सुट्टी झाल्यावर ती हेच करत होती आणि घरी सांगायची ओव्हरटाइम आहे. त्याबद्दल तिला नंतर बोलणार होतो, ते राहून गेलं.) येताना फांद्यांवर बघत आली, कुठली सुकलेली, कुठली कच्ची, जसा तू बघायचास. शेजारी येऊन दांडीवरच्या माझ्या मुठीवर तिने हात ठेवला आणि हळूच म्हणाली, "बाबा, घट नको. सैल धर." तिचा हात होता म्हणून मूठ उघडली. मग मी सावकाश, कसलाही झटका न बसता गादीवर उतरलो. गादी त्या वेळी बरोबर जागेवर होती, ते श्रेय सत्यवतीचं.

मी उतरलो, ती उतरली नाही. ती वर गेली, दादा. शेंड्यापर्यंत. तिथून तिने बांडगूळ कापायला सुरुवात केली आणि दुपारपर्यंत विहिरीकडचं अख्खं झाड मोकळं केलं. फांदी सोडताना ती खालच्यांना सावध करायला हाळी द्यायची, तीच, जी बाबा द्यायचे. ती तिला कोणी शिकवली ते मला ठाऊक नाही, बहुतेक लहानपणी झाडाखाली बसून ऐकली असेल. मी खाली उभा राहून सगळ्यांना सांगत होतो, माझी मुलगी, माझी मुलगी, जसं काही लोकांना माहीत नव्हतं. मला खूप अभिमान वाटला, आणि तो लपवायला मला जमलं नाही, लपवायचाही नव्हता. चाचणी यशस्वी झाली असं मंगेश म्हणतो. माझ्या भागाचाही त्याला उपयोग झाला म्हणाला, कारण घाबरलेला माणूस खरंच पडत नाही हे सिद्ध झालं.

देवकी वहिनीला नमस्कार. गुडघ्यांना तेल लाव.

तुझा,
रघुनाथ

ता. क. चढण्याआधी सेजलने बूट काढले नाहीत म्हणून तुला वाईट वाटेल. सत्यवतीने जवळून ऐकलं ते लिहितो. पोरीने खोडाला हात लावला, कपाळाला लावला आणि झाडाला म्हणाली, आज पायांत बूट आहेत, रागावू नको, बाबा वर अडकलेत.

आणखी ता. क. वर निरीक्षणाचं लिहिलं ते अर्धंच खरं. यंत्र चुकलं नव्हतं, मी घाबरलो होतो. पडायला नव्हे, खाली गादी होती. लटकून एकेक झाड बघताना मनात आलं, की दादा बरोबर बोलला, मी उतरलो की आता यांच्यावर चढणारं कोणी नाही. मूठ त्यानेच आवळली होती.

शेवटचं. लाकूडवाल्याला तू शब्द दिलास, तर परतही तूच घे, मोठा तू आहेस. आणि दसऱ्याला इकडे ये. येताना भिंतीवरचा कोयता घेऊन ये. मला नको, माझा बाजारातला आता हाताला बसलाय. चढणाऱ्याच्या हातात द्यायचा अशी रीत आहे, मुलग्याच्या हातात असं बाबा कधी बोलले नव्हते. तिला मी काही सांगितलेलं नाही, तुझ्या हातून मिळू दे. फक्त त्याला धार लावून आणू नकोस. ती तिची तिने लावायची.