स्टार्टर मीच बसवणार

२६ सप्टेंबर, शुक्रवार
जीपचा स्टार्टर गेला. किल्ली फिरवली की नुसतं टक. गोरक्ष मेकॅनिक म्हणाला, काका, मोटर लय आत बसलीय, पार सायलेन्सरच्या पाइपामागं, गाडी सोडून जा. सोडून जा! म्हणजे मागे ओरिजिनल माल काढून लोकल टाकायला मोकळा. उभी हयात ऑडिटमध्ये गेली माझी. मोटर मीच बसवणार. यूट्यूबवर एक जण चहा पीत पीत बसवतो.

दसऱ्याला हर्षालीचा साखरपुडा, देवळ्याला, मुलाकडे. मुलीच्या बापाने स्वतःच्या गाडीतून उतरावं. व्याह्यांच्या दारात धक्का मारत जाणार नाही. मेहुणा भारत लगेच म्हणाला, दाजी, माझ्या गाडीत चला ना सगळे. नवी गाडी मिरवायचीय त्याला, दुसरं काय.

२८ सप्टेंबर, रविवार
मोटर आणली. दुकानदाराने खोका उघडाच दिला. का? विमलच्या नेलपॉलिशने मोटरवर खूण केली. आता बदलून दाखवा.
शेजारचा महेश सारखा विचारतोय, काका, मदत करू का. फुकट मदत कोण करतं हल्ली? मोटर दिवाणात ठेवून कुलूप लावलं.

३० सप्टेंबर, मंगळवार
जुनी मोटर निघाली. तिसरा बोल्ट दिसतच नाही, हात खांद्यापर्यंत आत घालून चाचपावा लागतो. विमल म्हणाली, अहो, गोरक्षला बोलवा ना, पोरीचा दिवस आहे. हिला गोरक्षचा एवढा पुळका का?
उद्या दुपारपर्यंत गाडी सुरू.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
सकाळी पान्हे गायब. महेशचं नाव घेणार, तेवढ्यात सापडले. देवघरात पाटावर, हळद-कुंकू लावून, झेंडू वाहून. शेजारी मोटरही. दिवाणाची किल्ली हिला कुठे मिळाली, हा वेगळा तपास. म्हणते, आज हत्यारांना हात लावायचा नाही. आजवर कधी पान्हे पुजले होते हिने? फोनवरून भारतनेच शिकवलं असणार. पण देवासमोर काय बोलणार?
एका अर्थी बरंच झालं. उद्या पहाटे बसवतो, तासाभराचं काम.

२ ऑक्टोबर, दसरा. सकाळी
दोन बोल्ट बसले. चहापुरता बाहेर आलोय. महेश कंपाउंडपाशी दात घासत उभा, म्हणून घड्याळ काढून बोनेटवर ठेवलं नाही. उजव्या मनगटावरच असू दे. आता तिसरा बोल्ट, मग अंघोळ, मग देवळा.

संध्याकाळी
डाव्या हाताने लिहितोय.
तिसरा बोल्ट बसला. हात बाहेर येईना. घड्याळ पाइपामागे अडकलं, ओढून ओढून मनगट सुजलं. तेवढ्यात भारतची गाडी आली. गाडीखालून मला नुसते पाय दिसत होते. हर्षालीच्या नव्या चपला दिसल्या. हात अडकलाय म्हटलं असतं तर भारतने जन्मभर सांगितलं असतं. म्हणून म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, पिंपळगावच्या आत गाठतो. हर्षाली वाकून म्हणाली, पप्पा, नक्की ना? म्हटलं, बापाची गाडी आहे तुझ्या.

ते गेले. मग बऱ्याच हाका मारल्या. महेशही हरसूलला सासरी गेलेला. संशय घ्यायलासुद्धा कोणी उरलं नव्हतं.

फोन खिशात वाजला. कसाबसा डाव्या हाताने काढला. हर्षाली. कुठपर्यंत आलात? म्हटलं, पिंपळगाव सोडलं. ती म्हणाली, सावकाश या पप्पा, आता घाई नाही. व्याहीभेट झाली. तुमच्या जागी मामा उभे राहिले.

महेश परतल्यावर साबणाचं पाणी ओतून त्याने हात सोडवला. मला रडू आलं. त्याला म्हटलं, पाइप तापलाय.

मोटर बसली आहे, तिन्ही बोल्ट घट्ट. जीप सुरू होते का ते अजून बघितलं नाही. जायचं कुठे आहे आता?