थंड इंजिनाचं खोटं

४ मार्च, बुधवार

नापास. कार्बन मोनॉक्साइड सहा पूर्णांक आठ. मर्यादा तीनची.

मामांची गाडी मीच नापास केली. हे दुसरीकडे कुठे बोलता येणार नाही, म्हणून इथे लिहितो.

मामांना वाटतं गाडी म्हातारी झाली. तिला काहीही झालेलं नाही. जुनी असली तरी इंजेक्शनची गाडी आहे — पेट्रोल किती फवारायचं ते तिचा कॉम्प्युटर ठरवतो. इंजिन किती तापलंय हे त्याला एक सेन्सर कळवतो. त्या सेन्सरच्या वायरमध्ये मी काल एक रेझिस्टर घातला. काडीच्या गुलापेक्षा थोडा मोठा. वरून काळी टेप गुंडाळली, टेप नवी दिसू नये म्हणून तिला धूळ चोळली. आता कॉम्प्युटरला वाटतं इंजिन थंडच आहे. तो बिचारा पेट्रोल सोडत राहतो.

काम अगदी स्वच्छ झालंय. माझं काम नेहमीच स्वच्छ असतं!

मामा आधीच प्रदूषण केंद्रावर जाऊन उभे होते. (केंद्राच्या पाटीवर 'प्रदुषण' लिहिलंय. दू दीर्घ हवा.) आकडा बघून ते तपासणीवाल्याला म्हणाले, "माफ करा हं, तुम्हाला त्रास झाला." जणू धूर त्यांनीच सोडला होता.

५ मार्च, गुरुवार

का केलं तेही लिहून ठेवतो, नाहीतर मी फक्त वाईटच दिसेन.

गेल्या महिन्यात मामांनी लाल सिग्नल तोडला. मागच्या सीटवर ताईची चिमी होती. घरी आल्या आल्या तिने सांगितलं, "आजोबा लाल असतानाच गेले!" मामा म्हणाले, "हिरवा होता." भांडण झालं. त्यानंतर आठवड्याभरात त्यांनी गाडी स्वतःच्याच फाटकाच्या खांबाला घातली. बंपर बदलायला ती आमच्या गॅरेजात आली आणि तपासणीची मुदतही आलीच होती.

ताई — मामांची मुलगी, पण मला सख्ख्या बहिणीसारखी — गॅरेजवर आली. दारातच उभं राहून बोलली. "तूच काहीतरी कर. आम्ही एक शब्द काढला की ते घर डोक्यावर घेतात. मशीनने नाही म्हटलं तर ऐकतील."

मामी फोनवर एवढंच म्हणाली, "जन्मभर बस चालवली त्यांनी. एक ओरखडा नाही. बायकोने सांगून सोडतील होय?"

मी हो म्हटलं. नववीतून नाव काढल्यावर ज्यांनी मला घरी आणलं, रोज समोर बसवून शुद्धलेखन घातलं, या गॅरेजात चिकटवलं — त्यांची फसवणूक. फसवणूक. णू दीर्घ. बघून लिहिलं.

९ मार्च, सोमवार

मामा रोज येतात. उलट्या डब्यावर बसतात. येतानाच विचारतात, "बाई आज कशी आहे?" गाडीला बाई म्हणतात. मामी ऐकायला नसली की जास्तच.

आज प्लग काढले. मामांनी ते डोळ्यांच्या अगदी जवळ धरले. "काळे ठिक्कर! जास्त पितेय रे बाई."

बरोबर ओळखलं होतं. मी म्हटलं, "इंजेक्टर गळत असतील, मामा." सहज म्हटलं. खोटं इतकं सहज येतं हे मला माहीत नव्हतं.

मग दिवसभर चांगले इंजेक्टर काढून साफ केले. मामा टॉर्च धरून उभे. उजेड दर थोड्या वेळाने भलतीकडे जायचा. मी उलट मान हलवून म्हटलं, हां, तिथेच धरा.

११ मार्च, बुधवार

पुन्हा नापास. सहा पूर्णांक पाच.

गॅरेजात परतलो तर माझ्यासोबतचा मेकॅनिक लंबू वाटच बघत होता. "काय इंजेक्शन डॉक्टर, पेशंट अजून खोकतोय?" सगळे हसले. शेठ हसले नाहीत, ते जास्त वाईट. म्हणाले, "घरची गाडी तुला सुधरत नाही. लोकांच्या कशा देऊ तुझ्या हातात?"

मामा डब्यावरून उठले. "पोराच्या हाताला नाव ठेवू नका. माझी गाडीच हट्टी आहे."

मी पाना शोधायच्या निमित्ताने गाडीखाली गेलो. पाना हातातच होता.

१४ मार्च, शनिवार

एक गोष्ट कळली. लिहावीशी वाटत नाही. मामांना फसवल्याचं मला लागलंय, पण लंबू हसल्याचं जास्त लागलंय.

हे वाक्य दोनदा खोडलं. पुन्हा लिहिलं, कारण खरं आहे.

१८ मार्च, बुधवार

ताईचा फोन. "एकतीस तारखेला मुदत संपते ना? तेवढी कळ काढ. मग गाडी आपोआप बंद."

दुपारी मामा. "एकतीसच्या आत पास व्हायलाच हवी हं. काहीही कर."

दोघांनाही म्हटलं — हो.

२० मार्च, शुक्रवार

मामांनी कुठून तरी इंजेक्शनच्या गाड्यांचं जुनं पुस्तक आणलं. भिंग घेऊन वाचतात. आज सेन्सरच्या पानावर पोचले. "हे बघ, तापमानाचा सेन्सर बिघडला तरी असंच होतं म्हणे. तपासलास का?"

"तपासला, मामा. चांगला आहे."

"तू तपासलास ना? मग झालं." आणि पान उलटलं.

त्यांनी आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

२३ मार्च, सोमवार

शेठनी फर्मान काढलं. उद्यापर्यंत नाही जमलं तर गाडी पलीकडच्या गल्लीतल्या इंजेक्शनवाल्याकडे जाणार. तो पहिली ती वायरच उघडेल. माझी टेप बघून त्याला कळेल — असं गुंडाळणारा इथे एकच जण आहे.

२४ मार्च, मंगळवार

काढला. सगळे जेवायला गेले होते तेव्हा. वायर पुन्हा जोडली, सोल्डर केली, टेप लावली.

मामांसाठी काढला असं लिहिणार होतो. नाही. नाव जाईल म्हणून काढला. चिमीचा विचार आला, नाही असं नाही. तो बाजूला सारला आणि सोल्डर गरम केलं.

२५ मार्च, बुधवार

पास. एक पूर्णांक एक.

शेठनी पाठीवर थाप मारली. "शेवटी पकडलंस! काय होतं रे?" मी म्हटलं, एक वायर सैल होती. लंबूने दोन्ही हात जोडून वाकून नमस्कार केला. मला बरं वाटलं. घटकाभर खरंच बरं वाटलं!

मामांनी पावती हात लांब करून धरली, मग जवळ आणली, मग मलाच वाचायला लावली. तपासणीवाल्याला म्हणाले, "माझा भाचा." त्याने विचारलंही नव्हतं.

गाडी मात्र नेली नाही. "राहू दे इथेच. सोमवारी येतो."

संध्याकाळी ताई. "तुला एकच काम सांगितलं होतं." मी वायरचं काहीतरी बोलू लागलो. ती म्हणाली, "उद्या चिमीला काही झालं तर —" आणि फोन ठेवला.

२७ मार्च, शुक्रवार

रस्त्यावर कुठे ब्रेक करकचून लागला तरी हातातलं काम थांबतं. गाडी तर अजून माझ्यासमोर उभी आहे, तरीही.

आज मनात आलं, रेझिस्टर परत घालावा. पण पावती आता मामांच्या खिशात आहे. सगळ्यांना दाखवत फिरतात म्हणे.

मामीचा फोनही नाही.

२९ मार्च, रविवार

उद्या मामा येतील. सांगायचं ठरवलंय — रेझिस्टरचं, सगळं. नाहीतर किल्लीच द्यायची नाही. आरशासमोर म्हणून पाहिलं. पहिल्या वाक्यापुढे जाता येत नाही.

३० मार्च, सोमवार

मामा आले. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी पिशवीतून कागद काढले. गाडी माझ्या नावावर करायचे. त्यांच्या सह्या झालेल्या.

"खांबाला घातली ना, तेव्हाच ठरवलं. डोळे कधीचेच दगा देतायत रे. घरी सांगायची लाज वाटायची. आणि नापास गाडी दुसऱ्याच्या नावावर होत नाही, म्हणून तुझ्यामागे एवढा लागलो होतो."

मी सांगितलं नाही.

"चल, घरी सोड मला." ते पलीकडच्या दाराने बसले. पट्टा कुठून ओढायचा ते त्यांना सापडेना — त्या सीटवर ते कधी बसलेच नव्हते. मी वाकून लावून दिला.